न्यासापहार : न मागितलेली ठेव



या सदराकडे येणारी बहुतेक पत्रे मुदतठेवींचे व्याज, करकपात आणि मृत्युपत्र यांच्याभोवती फिरतात. गेल्या महिन्यात मात्र आमच्या कन्हानमधील एका वाचकाचे निराळे पत्र आले. त्यांचे वडील एका लहान मंदिराचे अनेक वर्षे कोषाध्यक्ष होते. वर्षभरापूर्वी त्यांचे देहावसान झाले. नव्या कार्यकारिणीने रोकडवही, पासबुक आणि पावती पुस्तके मागितली. घरच्यांनी ती तत्काळ दिली. आता माळा आवरताना वडिलांची एक लोखंडी पेटी सापडली असून तिच्यात मंदिराचे जुने कागद आहेत. कुटुंबातील एका वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे की, त्यांनी जे मागितले ते आपण दिले. पेटी कोणी मागितलेली नाही. ती उघडली तर दहा प्रश्न निघतील, तेव्हा असू द्यावी तशीच. पत्रलेखक विचारतात : ती सोपविण्यास आम्ही कायद्याने बांधलेले आहोत काय?

उत्तर ‘होय’ असे आहे. परंतु प्रश्नातील ‘मागितले ते दिले’ या तीन शब्दांपाशी मी बराच वेळ थांबलो, कारण कधी काळी हेच शब्द माझ्याही तोंडी होते.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात श्रावकाच्या अणुव्रतांचे अतिचार सांगितले आहेत. त्यांत ‘न्यासापहार’ हा एक. न्यास म्हणजे विश्वासाने ठेवलेली ठेव. आज ज्याला आपण ‘ट्रस्ट’ म्हणतो त्यालाही मराठीत न्यास हाच शब्द आहे, हे लक्षात घ्यावे. ठेव बुडवणे हा अचौर्यव्रताचा अतिचार असेल असे कोणालाही वाटेल. तसे नाही, सूत्रकारांनी तो सत्याणुव्रताखाली घातला आहे, खोटे दस्तऐवज करण्याच्या शेजारी. पूज्यपादांनी सर्वार्थसिद्धीत त्याचा खुलासा असा केला आहे की, ठेव ठेवणारा आपण किती ठेवले होते ते विसरला आणि त्याने कमी मागितले, तर ‘बरोबर आहे, एवढेच होते’ म्हणून तेवढेच देणे हा न्यासापहार. येथे कोणी कुलूप फोडलेले नाही. मागणाऱ्याने मागितले तेवढे त्याला मिळालेही आहे. दोष आहे तो मान डोलावण्यात.

बँकेत माझी पस्तीस वर्षे गेली. तेथे बदली झालेला अधिकारी नुसता उठून दुसऱ्या गावी जात नसे. आधी तिजोरीतील रोकड दोघांनी मिळून मोजायची. तिजोरीच्या किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे विभागलेल्या असत. एकट्याला ती कधी उघडता येत नसे. आणि किल्ली हातातून हातात गेली की किल्ली नोंदवहीत दोघांच्या सह्या होत. कोरे धनाकर्ष, कोऱ्या मुदतठेव पावत्या यांचे क्रमांक पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासले जात. कर्जदारांचे दस्तऐवज नोंदवहीशी ताडून पाहिले जात. पण यापेक्षा महत्त्वाचा होता तो कार्यभार अहवाल. डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टी त्यात लिहायच्या असत : कोणता दावा कोणत्या न्यायालयात आहे, कोणत्या जामीनदाराचा मृत्यू झाला आहे, कोणत्या कर्जदाराची ऋणमान्यतेची सही घ्यायची राहिली आहे. एकदा मी एका तालुक्याच्या शाखेत रुजू झालो तेव्हा माझ्या पूर्वाधिकाऱ्यांनी सर्व सह्या आटोपल्यावर मला बाजूला घेऊन सांगितले की, अमुक खात्याची तीन वर्षांची मुदत येत्या मंगळवारी संपते, सोमवारी स्वतः जाऊन सही आणा. मी तसे केले नसते तर मंगळवारनंतर ती रक्कम वसूल करण्याचा बँकेचा दावाच उरला नसता. मी त्यांना हे विचारू शकलो नसतो, कारण असे खाते आहे हेच मला ठाऊक नव्हते. कार्यभार सोपवताना बोलण्याची जबाबदारी जाणाऱ्यावर का असते, याचे मला पुढे याहून चांगले उदाहरण मिळाले नाही.

आणि तरीही मी चुकलो. निवृत्तीच्या सुमारास मी एका देवस्थानाचा कोषाध्यक्ष झालो व नऊ वर्षे होतो. पद सोडले त्या दिवशी पूजेनंतर मी नव्या कोषाध्यक्षांच्या हाती एक कापडी पिशवी दिली आणि म्हणालो, ‘सर्व यात आहे.’ त्यांनी रोकडवही पाहिली, शिल्लक मोजली, ठेवीच्या पावत्या पाहिल्या. यादी केली नाही. त्यांनी मागितली नाही आणि मीही सुचविले नाही. आपल्या माणसांत यादी कशाची करायची, असा तो भाव. धर्मशाळेमागच्या जागेचे नोंदणीकृत दानपत्र मी एकदा छायाप्रत काढण्यासाठी घरी आणले होते. ते माझ्या घरच्या कागदांत मिसळून गेले आणि मी ते विसरलो.

चार वर्षांनी शेजारच्या मालकाने भिंत घालायला घेतली. कार्यकारिणीने दानपत्र शोधले, मिळाले नाही. दुय्यम निबंधक कार्यालयातून नक्कल मिळते, पण त्यासाठी दस्ताचा क्रमांक व वर्ष लागते. ते कोणालाच ठाऊक नव्हते. वर्षावर्षाच्या सूची उलगडून शोध घेण्यात आठ महिने गेले. तोवर भिंत उभी राहिली. प्रकृतीच्या कारणाने मी त्या काळात मुलाकडे पुण्यास होतो. परत आल्यावर दिवाळीच्या आवराआवरीत मूळ दानपत्र माझ्याच कपाटात निघाले. मी ते घेऊन गेलो तेव्हा नवे कोषाध्यक्ष म्हणाले, ‘काका, तुम्ही काही लपवले नव्हते.’ खरे आहे. शेवटी तडजोड झाली आणि देवस्थानाची दोन हात रुंदीची पट्टी गेली ती गेलीच. बँकेची रोकड पैशापर्यंत मोजून देणाऱ्या माणसाने देवाचे कागद पिशवीत घालून दिले, हे मला अद्याप कोणाला नीट समजावून सांगता आलेले नाही.

आता कायदा. सार्वजनिक न्यासांसाठी आपल्याकडे १९५० चा अधिनियम आहे. पूर्वी त्याला मुंबईचे नाव होते, आता महाराष्ट्राचे आहे. विदर्भातील जुन्या मंदिरांच्या कागदांत मात्र आणखी एक थर सापडतो. नागपूर जिल्हा १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता आणि तेथे १९५१ चा स्वतंत्र सार्वजनिक न्यास कायदा लागू होता. त्याच सुमारास मालगुजारी संपली आणि जमिनींच्या नोंदी नव्याने झाल्या. म्हणून एखाद्या पेटीत मध्य प्रदेश शासनाच्या शिक्क्याचा कागद निघाला तर तो परक्या राज्याचा समजून रद्दीत टाकू नये. आजच्या मालकीचे मूळ बरेचदा तेथेच असते.

न्यासाची मालमत्ता आणि विश्वस्तांची नावे धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीत असतात. तिचा उतारा म्हणजे परिशिष्ट एक. विश्वस्त निवर्तला, निवृत्त झाला, नवा आला, जागा घेतली वा दिली, की असा प्रत्येक बदल घडल्यापासून ९० दिवसांत कळवावा लागतो. अधिनियमाचे कलम २२ तसे सांगते. आमच्या समाजात याबाबत फार ढिलाई आहे. नवे पदाधिकारी बँकेत निवडणुकीचा ठराव घेऊन येत, आणि परिशिष्ट एकवर मात्र दहा वर्षांपूर्वी दिवंगत झालेल्यांची नावे असत. मग खात्यावरील सह्या बदलता येत नसत आणि दोष बँकेला दिला जाई. स्थावर मालमत्ता विकणे, बदलून देणे, दान देणे यांसाठी, तसेच इमारत वा बिगरशेती जमीन तीन वर्षांहून अधिक आणि शेतजमीन दहा वर्षांहून अधिक काळ भाडेपट्ट्याने देण्यासाठी कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. जी मालमत्ता कागदाअभावी कोणाच्या लक्षातच नाही, तिला हे संरक्षण व्यवहारात मिळत नाही. विश्वस्त हिशेब देत नसेल, कर्तव्यात सतत कसूर करीत असेल, तर कलम ४१-ड खाली त्याला निलंबित वा दूर करता येते. न्यासाची वस्तू स्वतःची म्हणून दाबून ठेवली तर गोष्ट फौजदारी विश्वासघातापर्यंत जाते. भारतीय न्याय संहितेत ते कलम ३१६ आहे.

हे ऐकून काही वाचक म्हणतील की, धर्माच्या कारभारात सरकारचा एवढा हात कशाला? हा प्रश्न आपल्याच समाजातील एका व्यवस्थापकाने सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला होता. वेजलपूर येथील जैन मंदिराचा व तेथील मालमत्तेचा कारभार पाहणारे रतिलाल पानाचंद गांधी यांनी १९५० च्या याच कायद्याला आव्हान दिले. १८ मार्च १९५४ रोजी निकाल लागला. हिशेब, नोंदणी आणि तपासणी यांच्या तरतुदी न्यायालयाने कायम ठेवल्या. पण धर्मादाय आयुक्तालाच धार्मिक न्यासाचा विश्वस्त नेमण्याची तरतूद रद्द ठरविली आणि धर्मासाठी दिलेले द्रव्य दुसऱ्या ऐहिक कारणाकडे वळविण्याचा मार्गही बंद केला. शासन कारभाराचे नियमन करू शकते, कारभार करण्याचा समाजाचा हक्कच हिरावून घेऊ शकत नाही, असा त्याचा आशय. आपल्या मंदिरांचा कारभार आपल्याकडे राहिला त्यामागे हा निकाल आहे. अशा समाजाने आपले दफ्तर माळ्यावर कुजू द्यावे, हे मला तरी शोभेसे वाटत नाही.

पत्रलेखकांच्या घरच्या वडीलधाऱ्यांची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. ती खरी आहे आणि अनेक घरांत आहे. पेटीतून एखादी न जमलेली बोली, एखादी हिशेबात न आलेली रक्कम निघेल आणि गेलेल्या माणसाचे नाव चर्चेत येईल, ही ती भीती. त्यांना एवढेच सांगावे की, कोषाध्यक्षपद वारशाने येत नाही. एखाद्या न्यासपत्रात वंशपरंपरेने विश्वस्त होण्याची तरतूद असली तरी न्यासाची वस्तू वारशाने येत नाही. वडिलांकडून काही येणे निघालेच, तर ते सामान्यतः त्यांनी मागे ठेवलेल्या मालमत्तेपुरते असते, मुलाच्या कमाईवर त्याचा बोजा पडत नाही. परंतु पेटी सापडल्याचे ठाऊक असून ती दडवली, तर ती कृती वडिलांची राहत नाही. आजच्या तारखेस ती तुमची होते. देवद्रव्याबद्दल आपल्या घरांत जे भय लहानपणापासून शिकवले जाते, ते येथे उपयोगी पडावे.

हे बंधन केवळ मंदिराचे नाही. आपल्यापैकी अनेक जण पतसंस्थांच्या संचालक मंडळांवर आहेत. सहकारी संस्था अधिनियमाचे कलम १६० सांगते की, नवी समिती व नवा अध्यक्ष निवडून आल्यावर मावळत्या अध्यक्षाने कार्यालय, सर्व कागद आणि मालमत्ता त्याच्या स्वाधीन करावी. टाळाटाळ केली तर निबंधक आदेश देतो, आदेश मोडला तर साध्या कैदेची शिक्षा आहे, आणि दफ्तर जप्त करून आणण्याची सोय कलम ८० मध्ये आहे. खासगी कंपनी असेल तर कंपनी अधिनियमाचे कलम ४५२ आहे : कंपनीची वस्तू दाबून ठेवणाऱ्या अधिकाऱ्याला वा नोकराला दंड आणि न्यायालयाने सांगूनही न दिल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास. भाऊभाऊ वेगळे होताना दुकानाच्या वह्या एकाच्या घरी राहतात आणि दुसरा वस्तू व सेवा कराच्या नोटिशीला उत्तर देऊ शकत नाही, हे दृश्य मी पुष्कळ पाहिले. त्या कायद्याखाली हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. वाटणी झाली म्हणून मुदत कमी होत नाही. वाटणीपत्रात वह्या कोणाकडे राहतील आणि दुसऱ्याला त्या केव्हा पाहता येतील, ही एक ओळ घालून घ्यावी.

घरातही एक न्यासधारी असतो, तो म्हणजे नामनिर्देशित व्यक्ती. बँकेतील ठेव तिच्या हाती येते, याचा अर्थ ती मालक झाली असा नव्हे. विम्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने तेव्हाच्या कायद्यानुसार हे १९८३ मध्ये सांगितले आणि शेअरच्या बाबतीत डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा सांगितले. ठेवीची रक्कम घ्यायची आणि वारसांना द्यायची, एवढेच तिचे काम. मृत्युपत्र नसेल तर वारस १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने ठरतात आणि तो जैनांना लागू आहे. बहिणीला ठेवीची माहितीच नसल्यामुळे तिने हिस्सा मागितला नाही, अशी प्रकरणे माझ्या टेबलासमोर आली आहेत. तेथेही ‘तिने मागितले नाही’ हेच उत्तर मिळे.

हे सारे सोपविण्याची वेळ कोणती? आपण धडधाकट असताना. रामटेकला ज्यांचे अनेक चातुर्मास झाले आणि ज्यांच्या दर्शनासाठी आपण कन्हानहून मनसरमार्गे जात असू, त्या आचार्य विद्यासागरजींना आचार्यपद कसे मिळाले ते आठवावे. १९७२ मध्ये नसीराबाद येथे आचार्य ज्ञानसागरजींनी स्वतः हयात असताना पद सोडले, शिष्याला आसनावर बसविले आणि आपण खाली बसून त्याच्याकडेच सल्लेखनेची याचना केली. आपण मात्र कपाटाची किल्ली शेवटच्या दवाखान्यापर्यंत कंबरेला ठेवतो.

यादीचे महत्त्व वऱ्हाडाने एकदा अनुभवले आहे. कारंजाच्या मंदिरांतील हस्तलिखिते शतकानुशतके जपली गेली होती, पण बाहेरच्यांना ती फारशी ठाऊक नव्हती. १९२६ साली रायबहादूर हिरालाल यांची मध्य प्रांत व वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची नागपूरहून प्रसिद्ध झाली आणि कारंजाचा ठेवा अभ्यासकांच्या नजरेत आला. पुढे अमरावतीचे प्रा. हिरालाल जैन यांनी त्यांतील अपभ्रंश ग्रंथ संपादित केले. (हे दोन हिरालाल वेगळे, अनेकांची गल्लत होते.) जपणूक आधीही होती. सूची झाल्यावर ती पुढच्यांच्या उपयोगी आली.

आमच्या गावाची गोष्टही येथे नोंदवतो. कन्हानची ग्रामपंचायत जाऊन नगरपरिषद आली. एक स्थानिक संस्था जाऊन तिच्या जागी दुसरी येते, तेव्हा जुनीची मालमत्ता, येणे-देणे आणि दफ्तर नवीकडे येते, हा अशा बदलाचा नियम. पण ज्या घरांत ‘नमुना आठ’चे जुने उतारे आणि कराच्या पावत्या आहेत त्यांनी त्या टाकू नयेत, मंदिरांनी तर नाहीच. आबादीतील जागेचा जुना ताबा दाखविण्यास कित्येकदा तेवढाच कागद हाती असतो.

पत्रलेखकांना मी लिहिले ते असे. पेटी घरी एकट्याने चाळू नका. कार्यकारिणीला लेखी कळवा, एक दिवस ठरवा आणि मंदिरातच दोन साक्षीदारांसमक्ष ती उघडा. प्रत्येक कागदाला क्रमांक द्या. वहीची पाने मोजून आकडा लिहा. सोन्याचांदीची वस्तू असल्यास सराफाकडून वजन करून चिठ्ठी जोडा. यादीच्या तीन प्रती करा : एक मंदिराच्या दफ्तरी, एक तुमच्याकडे, एक हिशेब तपासनीसांकडे. देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची सही प्रत्येक पानावर घ्या. पुढच्या सभेच्या इतिवृत्तात तिची नोंद करवून घ्या. त्या नोंदीची नक्कल वडिलांच्या कागदांत ठेवा. उद्या कोणी काही बोलले तर ती तुमच्या कामी येईल.

परवा त्यांचा दूरध्वनी आला. पेटी उघडली गेली. सत्तेचाळीस नोंदींची यादी झाली. पावत्यांच्या जुन्या स्थळप्रती, एका दात्याचे पत्र, विहिरीच्या हक्काचा एक करार असे निघाले. ज्याची भीती होती तसे काही निघाले नाही. मात्र तळाशी पितळेची एक किल्ली आहे आणि ती कोणत्या कुलपाची हे मंदिरात कोणालाच सांगता येत नाही. ती यादीत घ्यावी की नाही, असे त्यांनी विचारले. मी म्हटले, अवश्य घ्यावी : अठ्ठेचाळीसावी नोंद, ‘पितळी किल्ली एक, कुलूप अज्ञात’.